दोन नसांची किडनी

“दोन नसा म्हंजे खोटच हाय, दाजी. मंग कशाला कापून राह्यले तिला?”

मामा ओसरीवर वडिलांना विचारत होते. मी आत चहा गाळत होते. ‘ती’ म्हणजे आई. तिची एक किडनी दादाला बसवायची होती. स्कॅनमध्ये त्या किडनीला रक्त नेणाऱ्या धमन्या एकीऐवजी दोन दिसल्या. वडिलांनी फोनवर पिंपळगावला तेवढंच कळवलं आणि मामा एसटीनं वाटूरला आमच्या घरी येऊन धडकले. आईचं माहेर म्हणजे आता मामाच. त्यांनी हो म्हटल्याशिवाय ती संमतीच्या कागदावर सही करणार नव्हती.

सर्जननी सगळं मलाच समजावलं होतं, इंग्रजीत. बाकीचे नुसती मान हलवत होते. घरी मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची मला सवय नाही.

“एक नस जोडतील, एक सोडून देतील,” मामा म्हणाले. “अर्धी किडनी सडंल. पोरगं बी जाईल अन् माही बहीण बी.”

“लई शिकलेत तुम्ही. डॉक्टर हायेत का?”

“तुम्हाला काय, बहीण माही हाय!”

वडिलांनी हातातला तांब्या फेकला. तो मामांच्या कानाजवळून भिंतीवर आदळला. आवाजानं आई आणि मी आतून धावत आलो. मामांनी वडिलांची गचांडी धरली, वडिलांनी त्यांच्या तोंडात मारली. दादा दुपारीच जालन्याहून डायलिसिस करून आला होता. तो मध्ये पडला. कोणाचा हात आहे हे न बघता मामांनी तो धरून हिसडा दिला.

तो डावा हात होता. डायलिसिससाठी त्यात धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या आहेत. बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. सुईच्या जागेवरची पट्टी निघाली. रक्त ठिबकलं नाही, उडालं. मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, दारावर, आईच्या तोंडावर.

वडिलांनी टॉवेल गुंडाळला. तो भिजला. त्यावर दुसरा गुंडाळला. दादाचे ओठ पांढरे पडले तरी दोघांच्या शिव्या थांबेनात.

“मारा!” आई किंचाळली. “मारूनच टाका त्याला, मंग सहीचा घोरच नको!”

मी टॉवेल ओढून काढले. भोक मिरीच्या दाण्याएवढं होतं. त्यावर दोन बोटं रोवली. धार थांबली. बोटांखाली गुरगुर चालूच होती. वडील गाडी काढायला पळाले. माझी बोटं रक्तानं निसटायला लागली, तेव्हा मी मामांचा अंगठा धरला आणि त्या भोकावर ठेवून दाबला.

“हे काय हालून राह्यलं आत?” ते पुटपुटले.

“रक्त आहे. अंगठा उचलू नका, मामा.” माझा आवाज मलाच मोठा वाटला. “डॉक्टर एकही नस सोडणार नाहीत. किडनी बर्फात ठेवून दोन्ही नसांची तोंडं शेजारी-शेजारी शिवतात, त्यांचं एकच मोठं तोंड करतात आणि ते दादाच्या नसेला जोडतात. तुमच्या बहिणीत काही खोट नाही. आता असंच दाबून गाडीत बसा, आणि जालना यायच्या आत आईला सांगा, सही कर म्हणून.”