बिनरंगाच्या सहा मेंढ्या

नवरा वारला. ऊसतोडीला एकल्या बाईला कोन नेतंय? कोयत्याला नवराबायकूची जोडी लागती. म्हनून नव्वद सालाच्या आसपास राहुरीजवळ मेंढ्यांच्या एका शेडावर झाडलोटीला लागले.

शेड मेंढ्यांच्या रोगांचा अभ्यास करनाऱ्या एका बाईंच्या ताब्यात. बाई पोटातल्या जंतांवर लई शिकलेल्या. त्यांच्या आधी हितं ह्या कामात बाईमानूस न्हवतं. खाटकाकडनं आतडी स्वता आनायच्या, चिरायच्या, केसावानी जंत चिमट्यानं बाटलीत ठिवायच्या. गडी हसायचे, "बाई, लेंड्या मोजून झाल्या का?"

"झाल्या. आता तुमच्या आणा."



बारा मेंढ्या हुत्या. सहांच्या कानाला लाल रंग, त्यांला जंतांचं नवं औषध. बाकीच्या सहा तशाच ठिवायच्या, औषधानं फरक पडतो का ते कळाया. मला पटलं बी हुतं. पन बिनरंगाची एक खंगली, जबड्याखाली पानी साठून पिशवी लोंबाया लागली. असंच हून माझ्या घरच्या चार मेंढ्या मेल्या हुत्या. बघवंना. बाई जेवाया गेल्या तवा तिला तेच औषध पाजलं. मग वाटलं, एकलीलाच कशाला? बिनरंगाच्या बाकी पाचींना बी पाजलं.

थोड्या दिसांनी बाई लेंड्या तपासायच्या दुर्बिनीवरनं उठल्या त्या हसतच. "मावशी, औषध न देता ह्यांचे जंत गेले! असं कुणी पाहिलेलं नाही. आजच दिल्लीच्या शास्त्रज्ञांना लिहिते."

बोललं तर काम जानार. न्हाई बोललं तर दिल्लीची मानसं बाईंना हसनार.

"बाई, लिवू नका. म्या पाजलंया. समद्यांला."

वरसाचं काम वाया गेलं हुतं त्यांचं. त्यांनी वही उगडली आन म्हनाल्या, "किती?"

"बुचभर."

"कधी?"

"बाजाराच्या दिशी."

त्यांनी वहीत लिवलं आन मला वाचून दावलं. माझं नाव न्हवतं. 'माझ्या देखरेखीत चूक झाली,' असं लिवलं हुतं.

मी हात पुसून निघाले.

"कुठं, मावशी?"

"घरी. आता कशाला ठिवताय मला?"

"उद्या नव्या मेंढ्या येतायत. जिचा जबडा सुजेल तिला बाजूला काढायचं, औषध पाजायचं आणि मला सांगायचं. हे काम तुमचं. पण चोरून नाही!"

पुन्यांदा वरीसभर आमी दोघींनी लेंड्या येचल्या. दोन मेंढ्या म्या बाजूला काढल्या. दोनी जगल्या. बाईंनी ते बी लिवलं.