हमीदचाचांचा आक्षेप

हमीदचाचा कुणाच्याही घरी गेले की दिलेल्या खुर्चीवर लगेच बसत नसत. आधी ती उलटी करायचे, पायांचे जोड अंगठ्याने दाबून बघायचे आणि मग सुलटी करून ऐसपैस बसायचे. माझ्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते, तेव्हाही त्यांनी हेच केले. मुलाचे वडील चहा प्यायचे थांबून आपल्या खुर्चीखाली वाकून बघू लागले.

डोणगावात त्यांचे वेल्डिंगचे दुकान आणि शेजारी माझे हार्डवेअरचे. शाळेचे बाक बनवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाक तयार झाला की कानस मारून प्रत्येक कोपऱ्यावरून तळहात फिरवत. मी घाई केली की म्हणत, "लेकराच्या मांडीले लागते बे. त्याले काय मालूम, टेंडर कोनाचं होतं?"

सरकारी शाळांच्या बाकांचे टेंडर ते दरवर्षी भरत. नाही मिळाले तर "भाव पटला नसन" म्हणून सोडून देत. त्या वर्षी मात्र त्यांनी भरलेला भाव कोणी उघडून पाहिलाच नाही. तांत्रिक छाननीतच बाद. कारण दिले होते, नमुना निकृष्ट. तो नमुन्याचा बाक चाचांनी स्वतः कार्यालयात नेऊन दिला होता. "काम नका देऊ, पन असं नाव काऊन ठेवता?" दिवसभर त्यांच्या तोंडी हेच.

मी म्हणालो, चाचा, आक्षेप घ्या. मुदत थोडी होती. दोघांनी बसून मजकूर तयार केला. नमुना कोणी तपासला, कोणत्या कसोटीवर, ते लेखी द्या. माझ्यासमोर पुन्हा तपासा. तोवर दुसऱ्या कोणाला काम देऊ नका. विजयने तो ऑनलाइन चढवला.

विजय म्हणजे बसस्टँडजवळचा ऑनलाइन सेंटरवाला. त्याचा बाप लवकर गेला. सेंटरचे शटर, काउंटर सगळे चाचांनीच करून दिले होते. आमच्याकडे टेंडर भरणारे सगळे आपला डोंगल, म्हणजे संगणकावर सही करायचा तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, असाच सेंटरवाल्याकडे टाकून ठेवतात. पासवर्डही त्यालाच पाठ. मी एकदा हटकले तर चाचा चिडले. "आपल्याच पोरापासून सही लपवू का?"

सुनावणीला आम्ही बुलढाण्याला गेलो. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पिशवीत बाकाचा मधोमध कापलेला जोड होता, साहेबांना आतून दाखवायला. तो बाहेर काढायची वेळच आली नाही. साहेब संगणकाकडे बघत म्हणाले, "आक्षेप तुम्ही कालच मागे घेतलाय ना?"

"म्या? नाही, साहेब."

"सही तर तुमचीच आहे."

मुदत संपली होती. कामही दुसऱ्याला देऊन झाले होते.

बस पकडून आम्ही परत निघालो. चाचा डोणगावात उतरून सरळ सेंटरवर गेले. "काऊन केलं बे?"

विजय मान वर करेना. "वरून फोन आला होता, चाचा. माह्यं रोजचं काम त्याइच्याकडंच राह्यते. अन् तुमाले टेंडर तं मिळनारच नोतं."

"टेंडर कोन मांगत होतं?" चाचा म्हणाले.

पोलिसांत चला म्हणून मी त्यांच्या मागे लागलो. नागपूरला कोर्टात दाद मागता आली असती, वकीलही शोधला. पण तक्रारीत विजयचे नाव घालावे लागणार होते आणि ते चाचांच्याने होईना. मला त्यांचाही राग आला. ज्याने गळा कापला त्यालाच हे जपत बसले. त्यानंतर त्यांनी बाक केले नाहीत. गेट, ग्रिल करत राहिले.

ईदला विजय दरवर्षीसारखा आला. चाचांनी स्वतःच्या हाताने शिरखुर्मा वाढला, वाटी संपेपर्यंत शेजारी बसले. मग म्हणाले, "बेटा, आता मले चाचा म्हनू नोको. ज्याचं तू ऐकतं, त्याले म्हन."

पुढच्या हिवाळ्यात चाचा गेले. मयतीच्या दिवशी विजय दारात उभा राहून "चाचा, चाचा" म्हणून हंबरडा फोडत होता. मी त्याला आत जाऊ दिले नाही.