डावं कुणाचं?

त्याला सगळे घूस म्हणायचे. शब्द स्त्रीलिंगी आणि माणूस भरघोस मिशांचा. पण विमानाच्या शेपटीतल्या ज्या बोळकांडीत मांजर शिरतानाही विचार करेल, तिथे हा बावन्नाव्या वर्षी दातांत टॉर्च धरून शिरायचा आणि दोन तासांनी अंगभर धूळ माखून उलटा बाहेर यायचा. तेव्हा व्याकरण कोण बघत बसणार? नाव दाजींनी ठेवलं होतं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मेहुण्याला छळायचा हक्क आपल्याला लग्नातच मिळाला, असं ते म्हणायचे आणि तो हक्क रोज वसूल करायचे.

हँगरात ही तिघंच. घूस काम करायचा, अक्का तपासून सही करायची, आणि तिची सही झाली की दाजी विमान पहिल्यांदा उडवून बघायचे. लहान, खासगी, चार माणसांची विमानं. बहुतेक चाळीस-चाळीस वर्षांची. लोक जुनी मोटार विकून मोकळे होतात, पण जुनं विमान कुणाला विकवत नाही. अंग म्हातारं राहू द्या, डोकं तेवढं नवं बसवा, असं म्हणत मालक यायचे. मग घूस वैमानिकापुढची काट्यांची जुनी घड्याळं काढून आकडे दाखवणारे काचेचे पडदे बसवायचा आणि ऑटोपायलट जोडायचा, म्हणजे विमान आपलं आपण सरळ धरून ठेवणारं यंत्र. त्यातलं खरं काम मुठीएवढी एक मोटर करते. वैमानिकाच्या हातातल्या चाकापासून केबली निघतात, मध्ये आवळून जोडायचा सांधा असतो, आणि पुढे त्या पंखांपर्यंत जातात. या पुढच्या भागाला मोटर जोडायची. मोटर केबल ओढते, पंखाच्या मागच्या कडेची फळी वरखाली होते, विमान कलतं.

हे ऐकायला नाजूक वाटतं. बघायला मात्र ते काम कसायाचं होतं. घूस विमानाचं पोट उघडायचा आणि चाळीस वर्षांच्या कडक झालेल्या वायरी मुठीनं धरून ओढून काढायचा. त्या तुटताना शिव्या हासडायचा. ज्यानं पूर्वी कधी आत कुठे तरी वायरीला चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेलेली असेल, त्याचा अख्खा वंश उद्धरायचा. पत्र्याच्या कडा त्याच्या कोपरांची सालं काढायच्या. संध्याकाळी बायको जखमा धुवायची आणि विचारायची, "आज विमान जिंकलं की तुम्ही?"

राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. त्याचा हात आधी चालायचा आणि तोंड नंतर. नव्या रेडिओवर चहा सांडून वर हसणाऱ्या एका वैमानिकाच्या थोबाडात त्यानं मारली होती. न बसणारं एक यंत्र भिंतीवर आपटून फोडलं होतं, आणि मग तीन आठवडे स्वतःच त्याच्या जागी दुसरं शोधत हिंडला होता. मला विचाराल तर असा माणूस शेजारी नको. पण माझं विमान असतं तर त्याच्याच हाती दिलं असतं, कारण त्यानं आवळलेला स्क्रू कधी सैल झाला नाही.

अक्काचा एक नियम होता. केबलीला हात लागला की शेवटी तपासणी व्हायची. अक्का आत बसून चाक डावीकडे फिरवायची, आणि घूस बाहेरून कुठली फळी वर गेली ते ओरडून सांगायचा. चाक डावीकडे तर डावी फळी वर, उजवी खाली. यात गोम एकच: विमानासमोर तोंड करून उभं राहिलं की आपलं डावं ते विमानाचं उजवं होतं. म्हणून शेपटीमागे उभं राहायचं, विमान जिकडे बघतंय तिकडे बघायचं आणि मगच बोलायचं. तरी घुशीनं "डावी वर" म्हटलं, की अक्का आतून पुकारायची, "डावं कुणाचं?" त्यानं "विमानाचं!" असं उत्तर दिलं की मगच तिची पेन्सिल कागदावर टेकायची. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. दाजी म्हणायचे, "लग्नात मंत्र एकदाच म्हणतात, यांचे रोज."

ते विमान रस्तेवाल्याचं होतं. हा कंत्राटदार जमिनीवर रस्ते बांधायचा आणि स्वतः हवेतून हिंडायचा. दाजींच्या मते त्यामागे सबळ कारण होतं, त्यानं स्वतःचे रस्ते बघितले होते. सोमवारी मोटर बसली. घुशीनं शेपटीमागे उभं राहून ती तपासली. बटण दाबलं की फळ्या बरोबर हलत होत्या. गुरुवारी सकाळी अक्कानं केबलीचा ताण मोजला आणि मान हलवली. केबल ढिली होती. सांधा पुन्हा उघडून नीट आवळायला हवा होता. घूस जमिनीवरच्या झाकणातून आत हात घालून केबली सोडवत होता, तेवढ्यात रस्तेवाला आला.

"अजून झालं नाही?" त्यानं घुशीचा पाय बुटानं ढोसला. "दुपारी मित्र येतायत माझे. त्यांना काय दाखवू, तुझ्या तंगड्या?"

घूस बाहेर सरकला. "पाय लावायचा नाही."

"का? काय करशील?"

हा प्रश्न घुशीला विचारू नये. त्यानं हातातल्या टॉर्चनंच दिली एक त्याच्या गालफडावर. रस्तेवाला दीडपट जाड होता; त्यानं घुशीला उचलून पंखाच्या कडेवर आपटलं आणि घुशीची भुवई फुटली. मग दोघे हातघाईवर आले. पाने, स्क्रू, तेलाचे डबे सगळं उडालं. घुशीनं त्याचा कान धरून डोकं जमिनीवर दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटणार तोच दाजींनी मागून त्याला कवटाळलं आणि अक्कानं दोघांवर बादलीभर पाणी ओतलं. रस्तेवाला उठला, लाल थुंकला आणि म्हणाला, "आज विमान उडलं नाही तर बघतोच तुला." अक्का म्हणाली, "उडेल. तुम्ही घरी जा, आणि येताना माणूस होऊन या."

तो गेला. पण घुशीचा राग गेला नाही. भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. तो तसाच दातओठ खात पुन्हा आडवा झाला, आत हात घातला आणि केबलींची टोकं जोडून आवळली. आवळली उत्तम. डावी उजवीला आणि उजवी डावीला जोडली एवढंच.

"पट्टी लावून घे आधी," अक्का म्हणाली.

"आधी तपास. संपव एकदाचं."

विमानाच्या मागे दुसऱ्या विमानाचे काढलेले पंख उभे करून ठेवले होते. मागे जायचं तर ते हलवावे लागले असते. घूस पुढेच थांबला, नाकासमोर, एक डोळा मिटून. अक्का आत बसली, पण तिचं तोंड चालू होतं, की असाच एक दिवस कुणाचा तरी जीव घेशील, तुझ्या या हातांना बेड्याच घालायला हव्यात. बोलता बोलता तिनं चाक डावीकडे फिरवलं.

"डावी वर, उजवी खाली!" घूस खेकसला.

अक्कानं कागदावर खूण केली. त्या दिवशी तिनं तो प्रश्न विचारलाच नाही.

स्वतः केलेल्या कामात पहिल्यांदा स्वतः बसायचं, ही घुशीची जुनी खोड. तो दाजींच्या उजव्या हाताला बसला. निघण्यापूर्वी दाजींनी रिवाजाप्रमाणे चाक डावीउजवीकडे फिरवून घेतलं, मात्र नजर होती घुशीच्या भुवईवरच्या पट्टीवर. "घुशीला कुणी चावलं म्हणजे कमाल झाली," ते म्हणाले, "एरवी उलट असतं." घूस न राहवून हसला.

विमानानं जमीन सोडली. पाच-सहा मजल्यांएवढ्या उंचीवर डावीकडून वाऱ्याचा धक्का आला आणि डावा पंख उचलला गेला. रोजचीच गोष्ट. दाजींनी चाक जरासं डावीकडे वळवलं. पंख खाली येण्याऐवजी आणखी वर गेला. त्यांनी आणखी वळवलं. विमान उजव्या कुशीवर कोसळू लागलं.

घुशीच्या खिडकीतून उजवा पंख दिसत होता आणि त्याच्यापलीकडे थेट जमीन. चाक पूर्ण डावीकडे, आणि उजवी फळी वर. सकाळी आपण कुठे उभे होतो आणि कुणाचं डावं बोललो, ते त्याला एका क्षणात दिसलं.

"सोडा! दाजी, चाक सोडा! केबल उलटी आहे!"

दाजींना ऐकू आलं असेलही. पण चाळीस वर्षं ज्या हातांनी विमान सांभाळलं ते हात पडत्या विमानात चाक सोडत नसतात. त्यांनी दोन्ही मुठी आवळल्या आणि सगळा जोर डावीकडे लावला. घुशीनं त्यांची बोटं उकलायचा प्रयत्न केला. उकलेनात. त्यानं मनगटाला कडकडून चावा घेतला. तरी नाही. मग त्यानं कमरेची तीच लोखंडी टॉर्च उपसली आणि दाजींच्या उजव्या मनगटावर घातली. हाड मोडलेलं त्याला ऐकू आलं. दुसरा घाव डाव्या हाताच्या बोटांवर. दाजी किंचाळले आणि त्यांचे हात सुटले. घुशीनं पडद्याखालचं ऑटोपायलटचं निळं बटण दाबलं.

मोटर सांध्याच्या पलीकडे, पंखाच्या बाजूला जोडलेली होती. तिला उलटसुलट काही नव्हतं. विमान थरथरलं, झाडांच्या शेंड्यांवरून गेलं आणि सरळ झालं.

"मनगट मोडलंस माझं," दाजी म्हणाले.

"मोडलं. चाकाला हात लावू नका. पायांनी शेपटीचं सुकाणू आणि मोटरीनं पंख, असं उतरवू."

दोघांनी मिळून ते विमान वळवून आणलं. दाजी वेदनेनं कण्हत सांगायचे, घूस बटणं फिरवायचा. धावपट्टी समोर आली. अक्का कडेला उभी होती, ती मुंगीएवढी दिसत होती, मग माणसाएवढी. घुशीला वाटलं, जमलं. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर पुन्हा वाऱ्याचा धक्का आला, पंख कलला, आणि दाजींचा डावा हात आपोआप चाकावर गेला. जित्याची खोड. मोटरीचा जोर माणसाच्या हातापुढे चालत नाही, ती तशीच बनवलेली असते. पंखाचं टोक जमिनीला लागलं.

पुढचं घुशीला तुकड्यांत आठवतं. आभाळ खाली, पत्रा फाटल्याचा आवाज, तोंडात माती. आपल्या तीन बरगड्या मोडल्या आहेत हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी तो दाजींच्या काखेत हात घालून त्यांना ओढत होता, आणि दाजींची मान विचित्र कलली होती, आणि अक्का पळत येत होती. तिच्या पायांत चपला नव्हत्या.

दाजी जगले. चार दिवसांनी चौकशीचा साहेब दवाखान्यात आला. खोलीबाहेरच्या बाकावर त्यानं विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी," घूस म्हणाला. "केबल मी उलटी जोडली. पुढे उभा राहून बोललो."

"ह्याचं काही लिहू नका," अक्का म्हणाली. "मी विचारायला हवं होतं. सही माझी आहे."

"तू गप बस, अक्का."

"तूच गप बस! आयुष्यभर तुझंच ऐकलंय." तिनं त्याला ढकललं ते नेमकं मोडक्या बरगड्यांवर. त्यानं ओरडून तिचा हात पिरगाळला. साहेबाचे कागद खाली पडले. पन्नाशी उलटलेली बहीणभावंडं दवाखान्यात झोंबत होती, आणि भांडण कशावरून तर गुन्हा कुणाचा याच्यावरून. कुणीच हसलं नाही.

"घूस!" आतून हाक आली.

तो आत गेला. दाजींच्या मानेभोवती हनुवटीपासून खांद्यापर्यंत लोखंडी पिंजरा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जगण्याला धोका नाही. मान मात्र पुन्हा वळणार नाही आणि विमान विसरा.

"इकडे ये. तिथे दिसत नाहीस मला."

घूस पलंगाला वळसा घालून त्यांच्या नजरेसमोर उभा राहिला.

"साहेबाला सांग," दाजी म्हणाले, "निघण्यापूर्वी चाक फिरवताना खिडकीतून पंखाकडे बघायचं असतं. ते काम वैमानिकाचं. तुझं नाही, तिचं नाही. मी तुझी थट्टा करत होतो. एवढीशी मान वळवायची होती रे." त्यांचा आवाज फुटला. "एवढीशी."

घुशीनं पलंगाची कड धरली.

"जवळ ये."

तो वाकला. दाजींनी बँडेज बांधलेल्या डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत अशी मारली की त्याचे दात वाजले आणि दाजी स्वतःच कळवळले. मग त्याच हातानं त्यांनी त्याच्या शर्टाची छाती पकडली आणि रडू लागले. नर्सनं येऊन हात सोडवायचा प्रयत्न केला.

"राहू द्या," घूस तिला म्हणाला. "सुटायचा नाही तो."

तो तसाच वाकलेला राहिला, बरगड्या ठणकत होत्या तरी.