पांझरेच्या डोहातलं लेमनेड

मुलांनो, तुम्ही विचारलंत की आजीची पहिली नोकरी कोणती. शाळेतली नव्हे. त्याआधी मी धुळ्यात सोडा-लेमनेडच्या कारखान्यात होते. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यानंतरचा मे महिना, मी नुकतीच मॅट्रिक झालेली. कारखान्याच्या मालकांना सगळे आबा म्हणत. ते वडिलांचे स्नेही. त्यांना इंग्रजी पत्रं लिहायला कुणी हवं होतं. वडिलांनी एका महिन्याची परवानगी दिली. आबांनी जूनपासून कायम केलं तर ठीक, नाहीतर घरी. आणि घरी म्हणजे बोहल्यावर. दोन स्थळं पाहायला यायची होतीच.

तेव्हाच्या बाटल्यांच्या गळ्यात काचेची गोटी असे. गॅस भरला की गोटी वर सरकून तोंड बंद करी, अंगठ्याने दाबली की फस्स! गॅस भरायचं काम जुने कामगार नाना यांचं. यंत्राचं चाक फिरवताना ते दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहतच नसत, नुसते कान देऊन ऐकत. यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मात्र कुणी उघडलंही नव्हतं. मी ते दोन दिवसांत वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि नानांना सांगितलं, "तुम्ही गॅस फार कमी भरता."

"हाई पुस्तक कोठे लिखेल शे?" नानांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

"इंग्लंडात."

"तठे ऊन ऱ्हास का?"

"यंत्राला ऊन कळत नाही, नाना!"

छापलेलं इंग्रजी पाहून आबांनी माझी बाजू घेतली. नेमकी त्याच दिवशी देवपूरच्या एका लग्नाची दोनशे बाटल्यांची मागणी होती. मी सांगेन त्या आकड्यावर काटा नेऊन नानांनी मुकाट्याने सगळ्या भरल्या.

भर दुपारी बैलगाडीत पेट्या रचून नाना आणि मी निघालो. नदीच्या उतारावर मागून आवाज आला, फाट्! बैल उधळता उधळता राहिले. मग दुसरा फाट्, मग तिसरा. उन्हाने गॅस फुगून बाटल्या फुटू लागल्या होत्या. काचा उडाल्या आणि गोड पाणी नानांच्या टोपीवरून ओघळू लागलं.

"पोरी, ही लगननी गाडी शे का लढाईनी?"

मला रडायला यायला हवं होतं, पण आलं हसू. हसता हसता मी गाडीतून उडी मारली आणि ओरडले, "पाण्यात, नाना! सगळ्या पाण्यात!" पोती भिजवून पेट्यांवर टाकली आणि आम्ही एकेक पेटी पांझरेच्या डोहात काठालगत ठेवली. तोवर सात फुटल्या होत्या. कासोटा घट्ट करून मी गुडघाभर पाण्यात पहारा करत उभी राहिले. पुन्हा आवाज झाला नाही. पण उशीर मात्र झाला, आणि तासाभराने नवरदेवाचे वडील स्वतःच शोधत आले.

"कुठंय आमचं लेमनेड?"

"पाण्यात आहे," मी म्हणाले. "गार होतंय."

नाना खोकले. माझी नोकरी त्या डोहात बुडाल्याचं मला स्पष्ट दिसत होतं. मी एक बाटली काढून नवरदेवाच्या वडिलांच्या हातात दिली. त्यांनी गोटी दाबली आणि फवारा थेट फेट्यावर उडाला. उरलेलं ते एका दमात प्यायले, क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, आणि त्यांनी असा ढेकर दिला की पलीकडच्या काठावरच्या म्हशींनी माना वर केल्या.

"अगं, हे लेमनेड आहे की घोड्याची लाथ?" ते पाणावल्या डोळ्यांनी म्हणाले. "बोलवा रे सगळ्यांना इथंच!"

वऱ्हाड नदीत उतरलं. मागोमाग वाजंत्री आले. सनईवाल्याने बाटली संपवून फुंक मारली ती मध्येच ढेकरावर तुटली, ताशेवाला हसून वाळूत लोळला. नवरदेव तेवढा मांडवात हळद लावून बसला होता. त्याला चार बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवल्या. गोरज मुहूर्त गाठायला लोकांना अक्षरशः हाकून न्यावं लागलं.

संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं, सात बाटल्यांसकट. "आकडा माझा चुकला, आबा. नानांचं बरोबर होतं."

आबांनी नानांकडे पाहिलं. "ठेवायची का हिला?"

"ठी ल्या, आबा," नाना म्हणाले. "पोर पानीमा उतरनी. पन चाक मी फिराईसू."

घरी वडील ओटीवर वाट पाहत होते. मी धावतच त्यांच्यासमोर गेले.

"अण्णा, मला जूनपासून..." आणि वऱ्हाडाबरोबर प्यायलेल्या तीन बाटल्यांचा ढेकर आला, दिंडीदरवाजापर्यंत ऐकू जाईल इतका. आई पदर तोंडात कोंबून मटकन खाली बसली. वडिलांनी गंभीर राहण्याचा खूप प्रयत्न केला.

"कळलं," ते शेवटी म्हणाले. त्यांचे खांदे हलत होते. "त्या दोन्ही स्थळांना मी कळवतो."