पाच हजार एक्केचाळीस टिकल्या

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. मग सांगतो, गणितात पहिल्या वर्गात पास झालेला हा माणूस टिकल्यांपुढे कसा नापास झाला ते!

कॅनडात सहा वर्षं शिकून सुरतला परतलो तेव्हा डोक्यात एकच वेड. गणित घराघरात पोचवायचं! सुरुवात कुठून? डिंडोलीतून, काकूच्या घरापासून.

काकू घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. कतारगामच्या एका शेठनं तिला नमुन्याची साडी दिली होती. पदरावर टिकल्यांचा भरीव चौकोन करायचा, सगळ्या ओळी सारख्या, पुडीतली एकही टिकली उरता कामा नये. संध्याकाळपर्यंत जमलं तर वर्षभराचं काम तिचं. पुडीवर आकडा होता, ५०४१.

"एका ओळीत किती लावू रे?" तिनं विचारलं.

एवढंच विचारलं हो! पण मी कागद घेतला. दोननं भाग जाईना, तीननं नाही, सातनं नाही. शेजारणी जमल्या, तसा मला चेव आला. अकरा, तेरा, सतरा... करत करत सदुसष्टपर्यंत पोचलो.

"सत्तर गुणिले सत्तर म्हणजे पाच हजार आलेच जवळजवळ. पुढे तपासायची गरजच नाही!" मी जाहीर केलं. "ही मूळ संख्या आहे, काकू! हिला कशानंच भाग जात नाही. सारख्या ओळी होणं अशक्य!"

"म्हणजे शेठ खोटं बोलून राहिला?" शेजारच्या सुमनबाईंनी विचारलं.

"खोटं नाही हो, अज्ञान!"

"अरे, पण मी लावून तर पाहते," काकू म्हणाली.

लावून पाहते! गणित काय लावून बघायची गोष्ट आहे? काकू मागून ओरडत राहिली आणि मी काकांची लुना दामटली ती थेट कतारगामला. शेठनं दुपारभर बसवून ठेवलं, मग पाऊण तास ऐकून घेतलं. आणि माझं दुर्दैव बघा, त्याला पटलं!

"भाई, तमे तो बहु भणेला," तो हात जोडून म्हणाला. "एवढा शिकलेला माणूस नाही होणार म्हणतो, तर नाहीच होणार. काकूला सांगा, राहू द्या. बमरोलीच्या बाईंना फुलांचं डिझाइन देतो."

छाती पुढे काढून परतलो आणि दारातच थबकलो. पलंगावर पदर पसरलेला, त्यावर भरगच्च चौकोन. पुडी रिकामी.

"हे कसं केलंस?"

"त्यात काय? कोपऱ्यात एक लावली. मग दोन्ही अंगांनी एकेक ओळ वाढवत गेलो आम्ही बाया. टिकल्या संपल्या तेव्हा चौकोनही पुरा झाला."

मी गुडघ्यांवर बसून मोजलं. आडव्या एक्काहत्तर. उभ्या एक्काहत्तर. एक्काहत्तर! सदुसष्टनंतरची अगदी पुढचीच मूळ संख्या! आणखी एकच भागाकार केला असता तर काय हात झिजले असते?

"आणि शेठ काय म्हणाला?" काकूनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला, साडी अलगद उचलली आणि लुनावर माझ्यामागे बसली.

शेठनं चौकोन पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चौकोन. "बेन, काम तुमचं," तो म्हणाला, "फक्त या भाईला परत पाठवू नका."

आता सुट्टीच्या दिवशी मीही टिकल्या घेऊन बसतो. काकू पुडी माझ्या पुढ्यात ओतते आणि दर वेळी न चुकता बजावते, "नुसत्या मोज. भागू नको, बाबा!"