आंब्याचं रिफिल

"साहेब, माझ्या हातातलं तेवढं राहू द्या, बाकी अख्खं दुकान उचलून न्या."

भांडुपच्या त्या स्टेशनरीच्या दुकानात पन्नाशीच्या एक बाई अशा ओरडत होत्या की समोरच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरचा बहिरा म्हातारासुद्धा खिडकीत आला. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बरंच विसरलो, ती धाड नाही.

खबर होती की दुकानदार पेनाच्या नावाखाली ई-सिगारेट विकतो. तिच्या विक्रीवर देशभर बंदी. मी साध्या वेशात गेलो आणि निळं रिफिल मागितलं. तो म्हणाला, "निळं नाही. आंबा आहे, पुदिना आहे." अख्ख्या नोकरीत इतक्या लवकर कोणी कबुलीजबाब दिला नव्हता.

मी बाहेरचा स्टाफ आत बोलावला. दुकानदार ऐकेना. "साहेब, पेनच आहे ना ते."

"मग लिही."

त्याने ते कागदावर घासलं. अक्षर उमटलं नाही, पण देवगडची बाग दुकानात उतरावी असा वास सुटला. तरी माल कुठे ते सांगेना. शेवटी मी फळीवरची एक कंपासपेटी उघडली. कोनमापक गायब, आत रिफिलं.

"शाळेतली पोरंही नेतात का रे?"

तो खाली बघू लागला. माझं डोकं सणकलं.

बाईंच्या हातातलं रिफिल हवालदाराने मागितलं, तेव्हाच तो आरडाओरडा सुरू झाला. "पोरांना विकलं असेल तर त्याला खुशाल आत टाका. पण आमच्या ह्यांची सिगारेट यानेच सुटली. हृदयाचं दुखणं आहे त्यांना. हे गेलं की परत पाकिटावर येतील."

"वहिनी, हेही काही अमृत नाही. आत काय भरलंय कोणाला ठाऊक?"

"मग तपासा ना. तपासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्या. सिगारेट तर बाजूलाच मिळते."

मी आवाज चढवला. अडचणीच्या प्रश्नावर आमच्या खात्याचं ते जुनं औषध. रिफिल मुद्देमालात गेलं.

पंचनाम्याला पंच हवे होते. शेजारचा पानटपरीवाला हौसेने धावत आला. त्याच्या टपरीवर सिगारेटची पाकिटं मांडलेली, प्रत्येकावर सडक्या रोगाचं चित्र, आणि सगळी कायदेशीर. सही ठोकून म्हणाला, "साहेब, अशी धाड रोज घाला."

त्या दुकानदाराला मी आजही सोडणार नाही. पोरांच्या कंपासपेटीत हात घालणाऱ्याला दया नाही. पण कमी वाईट काय आणि जास्त वाईट काय, हे तोलायची तसदी सरकारने का घेऊ नये? दोन दारांपैकी एक बंद करायचं, दुसऱ्यावर कर घ्यायचा, आणि पोलीस उभा करायचा तो बंद दाराशी. या केसने मला इतकंच शिकवलं, आणि ते आठवलं की अजून पित्त खवळतं.

काही आठवड्यांनी त्याच टपरीवर त्या बाई दिसल्या. हातात सिगारेटचं पाकीट.

"वहिनी, हे काय?"

त्यांनी पाकीट पिशवीत टाकलं.

"ह्यांचं रिफिल."