शाश्वत साहेब

घोडा आन किस्सा, दोन्हीचं एकच. सकाळी साफ करून पाठ सरळ करावी, तर मागं परत ढीग. आमच्या बागंत आठ-धा दिस घोडी होती. लीद आमी खताच्या खड्ड्यात घातली, किस्सं तसंच साचून ऱ्हायलं. आता कुठं टाकावं कळंना, म्हणून हितं टाकतोय. नाकाला रुमाल लावा आन वाचा.

सुरुवात पैजंपासनं झाली. पैज लावली पश्यानं, घेतली म्या. म्हंजे येडा कोण ते तुमाला आत्ताच कळलं.

भोरच्या अलीकडं, कापूरहोळ रस्त्याला लागून संस्थानाच्या वेळची एक बाग हाय. मधी दगडी हौद, हौदात कारंजं, कडंनं बकुळी. आसं म्हातारी माणसं सांगायची. आमाला दिसायची निस्ती घाणेरीची झुडपं, आन गेटाला कुलूप. यंदा पुण्याच्या एक मॅडम आल्या. त्येंनी ठरवलं की हितं घोड्यांची लांब पल्ल्याची शर्यत घ्यायची, आन शर्यतीच्या निमतानं बाग परत उभी करायची. त्येंनी समिती केली, समितीनं माणसं घेतली. त्यात मी आलो, मार्गासनीचा विकास, धावीत दोन विषयांत आडकलेला. माझा दोस्त पश्या आला. त्यो धावी पास झालाय, पन घमेलं त्येच्या बी डोक्यावर तेवढंच. आन नाना आले.

नाना ह्या बागंचे जुने माळी. कुलूप लागल्यापासनं गजातनं आत बघायचे. आन नानांना आजवर कुणी गंडवलेलं न्हाई. हापूसचं कलम म्हणून रायवळचं रोप विकणारा माणूस नाना समोर आले की रोप उचलून गप टेम्पोत ठिवायचा.

पश्या म्हणाला, "नानांना एकदा गंडवून दाव. शर्यत संपंस्तवर तुज्या वाटची लीद मी भरीन."

मला लीद दिसली. नाना दिसले न्हाईत.

गेटावर मॅडमनी बॅनर लावलेला, कापडाचा. वारसा, घोडेस्वारी, शाश्वत विकास. नाना त्येच्याखाली उभे, चष्मा घरी.

"विक्या, ह्यात तुजं नाव कशाला रं?"

"हितं कामाला हाय न्हवं मी."

"आन तुज्या आदुगरचा शाश्वत कोण?"

पश्यानं मला कोपरानं ढोसलं. मी म्हणालो, साहेब हायत. पुण्याचे. मॅडमच्या बी वरचे.

नानांनी गेटाला लोंबणाऱ्या कुलपाकडं बघितलं. आता ह्याला कारण हुतं. मॅडमनी पैल्याच दिवशी सांगितलेलं, लावलेली रोपं पावसाळ्यापर्यंत जगली तर बाग लोकांना उघडी ऱ्हाणार. न्हाई जगली तर जागा परत कुलपात.

"मंग कुलपाचं त्येंच्याच हातात म्हण की," नाना म्हणाले.

"त्येंच्याच. अचानक येत्यात तपासायला."

"बरं," म्हणाले, आन खोरं उचलून गेले. पश्याचं तोंड तितंच लिदीसारखं झालं.

*

मला वाटलं, दोन दिसात उघडं पडंल. पन मॅडमच माज्या बाजूनं बोलत होत्या, आन त्येंना ठाव नव्हतं.

दर बैठकीला शाश्वत. पाण्याच्या बाटल्या शाश्वतमधी बसत न्हाईत. थर्माकोल शाश्वतला चालत न्हाई. जनरेटर तर शाश्वतच्या एकदम विरोधात. नाना मागं उभं राहून मान हलवायचे. बैठक सुटली की मला इचारायचे, "माणूस लई कडक दिसतोय. जेवतो तरी का न्हाई?"

एकदा पश्यानं गुटख्याची पुडी कुंपणात फेकली. नानांनी बघितलं. पश्याला कुंपणात घातलं आन ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत सगळ्या जुन्या पुड्या येचायला लावल्या. साहेबांनी बघितलं तर काय म्हणतील, एवढंच म्हणाले.

पश्याला ठाव हुतं साहेब न्हाईत. तरी त्यो येचत हुता, आन मधी मधी गेटाकडं बघत हुता!

*

बोर्डाचा किस्सा माजाच हाय, सांगायला नको वाटतो, पन सांगतो.

हौदापाशी लाकडी बोर्ड लावायचा हुता, "शाश्वत बाग" असा. मॅडम म्हणाल्या, विकास, तुझं अक्षर बरं आहे. आयुष्यात पैल्यांदा कुणी आसं म्हणालं, म्हणून म्या सकाळपासनं दुपारपर्यंत जीव लावून रंगवलं. पश्यानं वाचलं, लांब जाऊन हसला. मॅडम आल्या, वाचलं, डोळं मिटलं.

म्या लिवलेलं "शास्वत".

मॅडम म्हणाल्या, "विकास, दोन्ही श एकच. शेंगदाण्यातला."

म्हणालो, मंग सरळ शेंगदाणा बाग ठेवा, मला जमंल. मॅडमला हसू आलं न्हाई. परत घासलं, परत रंगवलं. नाना बाजूला बकुळीची मुळी मोकळी करत बसलेले, सगळं बघत होते. संध्याकाळी मला यष्टीला सोडताना म्हणाले, "साहेबांचं नाव चुकवलंस. बरं झालं त्ये आले न्हाईत."

*

मंग घोडी आली. त्येंची बडदास्त बघून माणसाच्या जल्माला कटाळावं. झोपायला भुसा, खायला गाजर, अंगावर वल्लं फडकं, वर पंखा. आमाला ऊन आन पाटी. लीद जमिनीवर पडायच्या आत खड्ड्यात गेली पायजे असा मॅडमचा नियम, आन पैजंप्रमाणं माज्या वाटची बी पश्या भरत हुता. म्हंजे दोन माणसांची.

ह्या शर्यतीत एक हाय. घोडा एक फेरी मारून आला की डॉक्टर त्येच्या छातीला नळी लावत्यात. ठोकं ठरल्यापेक्षा जादा पडलं की घोडा बाद, कितीबी जोरात पळंना. सरावाच्या दिवशी पश्या डॉक्टरांच्या म्होरनं पाटी घिऊन चौथ्यांदा गेला. त्येला काय सुचलं, पाटी खाली ठिवली आन म्हणाला, डॉक्टर, माझं बी बघा की.

डॉक्टरांनी नळी लावली. घड्याळ बघितलं.

"तू घोडा असतास तर मी तुला बाद केला असता," म्हणाले.

पश्या सावलीत जाऊन पडला. दिवसभर कुणीबी बोलवलं की नळीकडं बोट करून म्हणायचा, "डॉक्टरांनी बाद केलंय." पाट्या परत माज्याच डोक्यावर आल्या. पैजंत डॉक्टरांचं काय ठरलं नव्हतं.

*

शर्यतीच्या सकाळी कमान. प्लास्टिक न्हाई, फ्लेक्स न्हाई, म्हणून मॅडमनी कमान कडब्याची बांधून घेतली. वर उसाचं वाढं, मधी झेंडूच्या माळा. लई झ्याक दिसत हुती. मॅडमनी धा फोटो काढले.

शिट्टी वाजली. पैल्या नंबरचा घोडा, मुंबईचा, कमानीखाली आला आन थांबला. मान वर केली आन खायला लागला. मागच्या घोड्यानं बघितलं, मंग त्येनं बी सुरू केलं. जरा वेळात निम्मी कमान घोड्यांच्या पोटात आन स्वार वर बसून "चल रे, चल ना" करत्यात.

लाउडस्पीकरवाल्यानं बाजू सांभाळली. म्हणाला, "मंडळी, आपली कमान सुद्धा शाश्वत आहे, तिचं खत होणार आहे!"

कडब्याला गुळाचं पाणी कुणी मारलेलं ते आजपर्यंत कुणाला कळलेलं न्हाई. बाटली माज्या पिशवीत हुती एवढंच सांगतो.

*

कार्यक्रमाला नानांनी पैल्या रांगंत एक खुर्ची धरलेली. वर सोताचा धुतलेला टावेल घातलेला. तालुक्यातले एक पुढारी आले, मागं कार्यकर्ते. पुढारी बरोबर त्याच खुर्चीवर बसाय लागले.

"ती शाश्वत साहेबांची हाय," नाना म्हणाले.

पुढारी आर्धे बसलेले तसंच उठले. मागं वळून आपल्या माणसाला हळूच इचारलं, कोण रे शाश्वत? त्यो माणूस ठाव न्हाई म्हणंल का? न्हाई म्हणला तर उद्या दुसरा माणूस.

"निघालेत साहेब," त्यो म्हणाला. "कापूरहोळला पोचलेत."

पुढारी बाजूच्या खुर्चीवर बसले. कार्यक्रमभर घडी घडी रस्त्याकडं बघत होते.

मंग मॅडमचं भाषण. बाग, वारसा, पाणी, आन शेवटी म्हणाल्या, कुणाला काही विचारायचं आहे? आसं इचारल्यावर कुणी इचारत नसतंय. नाना उठले. म्या डोळं मिटलं.

"मॅडम, शाश्वत कवा येणार?"

मॅडमचा चेहरा बदलला. माइक दोन्ही हातांनी धरला.

"नाना," त्या म्हणाल्या, "ते तुमच्या-आमच्या हातात आहे."

"माज्या हातात असतं तर कवाच आणलं असतं. तुमी गेल्यावर हितं कोण हाय?"

मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यांनी बी वाजवल्या. नाना खाली बसले आन मला म्हणाले, "म्या येवढंच इचारलं, कवा येणार. त्येला टाळ्या कशाला?"

पश्या हसला न्हाई. मी बी न्हाई. त्या दिवसापासनं ती खुर्ची माज्या डोळ्याम्होरनं हलंना.

*

घोडी गेली. मांडव गेला. समितीची गाडी गेली. गेटावरचा बॅनर तेवढा ऱ्हायला. मॅडमचा फोन आदी रोज, मंग आठवड्यानं, मंग "पावसाळ्यात बघू." पश्या शिरवळला कंपनीत लागला. ऊन आसं की हौदाचा दगड बोटाला चावायचा.

मी का ऱ्हायलो ते इचारू नका. दर शनवारी ठरवायचो, सोमवारपासनं येत न्हाई. आन शनवारी यष्टीला सोडताना नाना म्हणायचे, "सोमवारी ये बाबा. साहेब आले आन तू नसलास तर?"

रोपं जगली हुती. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. मला वाटायचं समितीच पाठवती. नाना एका आळ्यातनं दुसऱ्या आळ्यात पायीप वढत न्यायचे. गुडघा सुजलेला, तरी कुणाला हात लावून द्यायचे न्हाईत. साहेबांनी इचारलं तर सांगता आलं पायजे, कुठल्या रोपाला कवा पाणी दिलं, म्हणायचे. सगळं पाठ हुतं त्येंना.

त्या दुपारी त्ये पायपात पाय आडकून पडले. लागलं न्हाई फार. उठले, माती झटकली, पैल्यांदा गेटाकडं बघितलं. कुणी बघितलं तर न्हाई, असं.

मला ऱ्हावंना.

"नाना, एक सांगायचंय."

"सांग की."

"शाश्वत म्हणून कुणी न्हाई. म्या रचलं. पश्यासंगं पैज लागलेली, लीद भराय लागू नये म्हणून."

नानांनी माज्याकडं बघितलं.

"कुणीच न्हाई?"

"कुणीच."

वाटलं आता पायीप फेकून मारत्यात. मारला असता तर बरं वाटलं असतं. नानांनी पायीप फुडल्या आळ्यात टाकला. म्हणाले, "त्ये रोप वाकलंय. सरळ धर."

म्या धरलं. तेवढ्यात गेटाशी टँकरचा हॉर्न. ड्रायव्हर नवा हुता, हातात वही घिऊन तणतणत आत आला. म्हणाला, ऑफिसात नानांचा फोन येतोय, शाश्वत साहेबांनी सांगितलंय, गाडी पाठवा. शर्यत होऊन दोन महिने झाले, इतक्या खेपा त्या साहेबांच्या नावावर सोडल्या आन सही एकबी न्हाई. आज सही न्हाई, तर उद्यापासनं गाडी न्हाई.

मी नानांकडं बघितलं. नाना पाण्याकडं बघत होते.

"आलेत साहेब," म्हणाले. "हे काय."

आन हनवटीनं मला दावलं.

ड्रायव्हरनं मला बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात वाकलेलं रोप.

"हे?"

"तपासायला आलेत. अचानक येत्यात."

ड्रायव्हरला पुढं दुसरी खेप असंल. त्येनं वही उघडून म्होरं धरली, पेन दिलं. म्या एका हातानं रोप धरून दुसऱ्या हातानं लिवलं. सावकाश, बोर्डावर लिवलेलं तसं.

त्येनं वाचलं. "नुसतं शाश्वत? फुडचं काय?"

पेन तितंच थांबलं. नानांनी मान बी वळवली न्हाई.

"फुडचं गेटावरच्या बॅनरवर हाय," म्हणाले. "बघून लिवा, साहेब."